मधुबनचं पाणी कुणाचं? आणि त्यात आपला हिशेब कुठे?



दर पावसाळ्यात खेरडीत एकच प्रश्न कानावर येतो. "सचिव, वर एवढा पाऊस पडतोय, तरी धरण भरत का नाहीत? आणि भरत आलं की लगेच गेट का उघडतात?" एकेकाला सांगण्यापेक्षा इथे सगळ्यांसाठी लिहितो. लेख थोडा लांब आहे, पण घरात वाचून दाखवा.

आपली दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते. महाराष्ट्र, गुजरात, आपलं दादरा नगर हवेली असं करत साधारण 131 किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. मधुबन धरणाची भिंत गुजरातमध्ये वलसाड जिल्ह्यात आहे, पण फुगवट्याचं पाणी आपल्या दुधनी, कौंचाकडे पसरलंय. म्हणजे पाऊस पडतो बराचसा महाराष्ट्रात, भिंत गुजरातची आणि बुडालेली जमीन आपलीसुद्धा.

हा प्रकल्प गुजरात, दादरा नगर हवेली आणि दमण यांचा सामायिक आहे. दमण पूर्वी गोव्याबरोबर होतं, म्हणून जुन्या कागदांत गोव्याचं नाव दिसतं. धरणाची पूर्ण पातळी 79.86 मीटर आणि एकूण साठा सुमारे 567 दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास 20 टीएमसी. यातून डाव्या-उजव्या कालव्याने शेतीला, शिवाय वापीच्या कारखान्यांना आणि गावं-शहरांना पिण्यासाठी पाणी जातं.

आता गेटचं. पावसाळ्यात कुठल्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचं, हे आधीच ठरलेलं असतं. त्याला रूल लेव्हल म्हणतात. जुलैतच धरण काठोकाठ भरलं आणि ऑगस्टमध्ये वरून मोठा लोंढा आला, तर तो सामावणार कुठे? मग सगळं पाणी एकदम सोडावं लागेल. 2004 च्या ऑगस्टमधला पूर खालच्या गावांतली माणसं अजून विसरलेली नाहीत. म्हणून सुरुवातीला धरणात जागा रिकामी ठेवतात आणि पावसाळा सरत आला की पूर्ण भरून घेतात. हे बरोबरच आहे, त्याबद्दल आपली तक्रार नाही.

खरी गोष्ट पुढे आहे. 3 मे 2010 रोजी केंद्र, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात नदीजोड प्रकल्पांबाबत करार झाला. त्यात दमणगंगा-पिंजाळ जोड आहे. मधुबनच्या वर दमणगंगेवर भुगड आणि वाघ नदीवर खारगीहिल अशी दोन धरणं बांधायची आणि तिथलं पाणी बोगद्याने पिंजाळकडे, पुढे मुंबईला न्यायचं. आकडा आहे वर्षाला सुमारे 579 दशलक्ष घनमीटर. आपलं मधुबन एकदा काठोकाठ भरायला लागतं, जवळजवळ तेवढंच. शिवाय दमणगंगेचं पाणी गोदावरीकडे वळवायच्या महाराष्ट्राच्या वेगळ्या योजना आहेतच.

मुंबईच्या माणसाला तहान लागते, नाशिक-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यालाही लागते. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. त्यांचं म्हणणं असं, की हे पाणी "जादा" आहे, पावसाळ्यात फुकट समुद्रात जातं. पण जादा म्हणजे काय? शेती, कारखाने आणि पिण्याचं पाणी हिशेबात धरून उरलं ते जादा. त्या हिशेबात मासळीचा रकाना बघा, सापडतो का.

आपल्याला ठाऊक आहे की रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना चढता पूर लागतो. नवं गढूळ पाणी आलं की ती उलटी वर चढतात. पुराबरोबर येणाऱ्या गाळातून मासळीचं खाद्य तयार होतं. खाली दमणच्या खाडीतल्या मासळीलाही हेच गोडं पाणी लागतं. लोंढा वरच अडला तर धरणात पाणी दिसेल, पण जाळं हलकं येईल. सोडलेल्या बोटुकलीचंही तसंच. गेट उघडी असताना बीज सोडलं तर ते खाली वाहून जातं, आणि उन्हाळ्यात पातळी फार उतरली तर उरलेली मासळी डबक्यात अडकून मरते.

म्हणून आपल्या मागण्या तीनच. गेट उघडण्याआधी वेळेवर निरोप मिळावा. पाणी सोडण्याच्या तारखा बघून मत्स्यबीज सोडावं. आणि वरच्या धरणांचा विचार होईल तेव्हा मच्छीमारांनाही बोलवावं.

पण नुसत्या तोंडी बोलण्याला सरकारदरबारी किंमत नसते, कागद लागतो. म्हणून प्रत्येक होडीमालकाने एक साधी वही घालावी. तारीख, पाण्याची पातळी, कुठली मासळी, किती किलो. ज्याला लिहिता येत नाही त्याने पोराला सांगावं. दर महिन्याच्या सभेला वही आणा, मी एकत्र नोंद करून ठेवीन. तीन-चार वर्षांची नोंद हातात असली की "पाणी जादा आहे" म्हणणाऱ्याला आपण दाखवू शकू, ते कोणाच्या ताटात जात होतं.

वही आजपासूनच सुरू करा.

आपला,
सचिव