कॅमेरा बांधायचा कुठे?

दोस्तांनो, पुढे वाचण्याआधी एक प्रयोग करा. हे पान डोळ्यांसमोर धरा आणि मान भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं वाचता येतात ना? आता मान स्थिर ठेवा आणि पान तेवढ्याच जोरात हलवा. झाली ना सगळ्या अक्षरांची खिचडी? गंमत अशी आहे, की डोकं हललं की आतल्या कानातून मेंदूला खबर जाते आणि तेवढेच डोळे उलट दिशेला वळतात. म्हणून चित्र जागच्या जागी राहतं. पान हललं तर मात्र कानाला पत्ताच नसतो. डोळे पानाच्या मागे धावतात आणि मागेच पडतात.

सायकलवर बांधलेल्या साध्या कॅमेऱ्याला असा कान नसतो. हे मला तोरणमाळच्या रस्त्यावर कळलं.

तोरणमाळ तुम्हाला भूगोलात भेटलं असेल. नंदुरबार जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या माथ्यावर सुमारे १,१५० मीटर उंचीवरचं गाव. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर असं जात घाट लागतो आणि मग वळणामागून वळणं. माझा भाचा शहाद्याला दहावीत आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या मनात आलं, की या घाटाची फिल्म काढायची. घरातला फोन मागून घेतला, हँडलला बसणारा एक चिमटा आणला, त्यात फोन अडकवला आणि निघालो आम्ही मामा-भाचे. राणीपूरपर्यंत सायकली टेम्पोत टाकल्या होत्या, हे तुमच्यापासून कशाला लपवू!

घरी येऊन फिल्म लावली. भाचा बघतच राहिला.

“मामा, यात रस्ता कुठंय?”

“तो काय, जेलीसारखा थरथरतोय तो!”

असं का झालं? फोनमधला कॅमेरा एक चित्र एका दमात टिपत नाही. एकेक ओळ करत वरून खाली वाचत जातो. वाचून होईपर्यंत हँडल हललेलं असतं, त्यामुळे झाडाचा शेंडा एकीकडे आणि बुंधा दुसरीकडे. साध्या सायकलला पुढे स्प्रिंग नसते. चाकाखाली आलेला प्रत्येक खडा लोखंडी दांड्यातून थेट चिमट्यापर्यंत पोचतो. शिवाय चढावर सायकल हळू जाते, तोल सांभाळायला हँडल सारखं इकडे-तिकडे करावं लागतं. कॅमेराही नंदीबैलासारखी मान हलवत राहतो.

आमच्या चिमट्याला चांगला वीतभर दांडा होता, आणि तीच मोठी चूक. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरा, बाहेरचं टोक जास्त ठेवा आणि टिचकी मारा. मोठे हेलकावे घेईल. आता टोक अगदी थोडं बाहेर ठेवून पाहा, नुसती बारीक ‘टर्र’ होईल. कॅमेऱ्याचंही तसंच. हँडललाच बांधायचा असेल तर दांडा जितका आखूड तितका बरा. मधे जुन्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळा, पकडही घट्ट होते आणि बारीक थरथर थोडी कमी होते. चार पट्ट्या मात्र नकोत, मग कॅमेरा वेगळाच नाचतो.

पण खरी गोष्ट सांगायची राहिलीच. उतरताना एका वळणावर चिमटा सैल झाला आणि फोन निसटला. भाच्याने तो पकडायला एक हात सोडला. सायकल दरीच्या बाजूला गेली. कठडा होता म्हणून... जाऊ दे. फोनची काच फुटली, भाच्याचं कोपर सोलवटलं, माझा जीव मात्र पुढचा अर्धा तास ठिकाणावर नव्हता. म्हणून नियम असा, की कॅमेऱ्याला चिमट्याशिवाय दुसरी दोरी हवीच. ती आखूड हवी, चाकाच्या तारांपर्यंत पोचता कामा नये. आणि कॅमेरा पडला तर पडू द्यायचा. हात ब्रेकवरच!

फोनबद्दल आणखी एक. २०२१ मध्ये ॲपल कंपनीने गिऱ्हाइकांना बजावलं होतं, की मोठ्या मोटरसायकलच्या हँडलवर फोन बसवला तर इंजिनाच्या थरथरीने आतला कॅमेरा बिघडू शकतो. सायकलला इंजिन नाही हे खरं, पण ज्या फोनवर घरच्या सगळ्यांचं काम चालतं तो खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास हादरवत न्यावा, असं मला तरी वाटत नाही.

मग डोक्यावर लावायचा का? हेल्मेटवर कॅमेरा झकास दिसतो खरा. पण आपण सारखे इकडे-तिकडे बघतो, त्यामुळे फिल्म बघणाऱ्याला घेरी येते. आणि पडल्यावर हेल्मेट जमिनीवरून घसरायला हवं, वर काही बाहेर आलेलं असलं तर ते अडकतं. मी तरी लावणार नाही.

राहिली छाती. आपली कोपरं आणि गुडघे म्हणजे फुकटात मिळालेल्या स्प्रिंगा! खड्ड्याचा दणका छातीपर्यंत येईतो निम्मा विरतो. चित्रात खाली हँडल आणि हात दिसतात, त्यामुळे बघणाऱ्यालाही आपणच सायकल मारतोय असं वाटतं. फक्त कॅमेऱ्याचं तोंड थोडं वर ठेवा, कारण चढावर आपण वाकतो आणि मग तासभर नुसतं डांबर दिसतं. यासाठी फोन नको, लहान ॲक्शन कॅमेरा हवा.

हे कॅमेरे प्रसिद्ध केले ‘गोप्रो’ने. ती काढणारा निक वुडमन लाटांवर फळीवरून घसरायचा खेळ खेळायचा. त्याने आधी मनगटावर कॅमेरा बांधायचा पट्टा करायला घेतला, कॅमेऱ्याचा विचार नंतर आला! २००४ मध्ये विकायला काढलेला त्यांचा पहिला कॅमेरा साध्या रिळाचा होता.

आम्हीही पट्ट्यापासूनच सुरुवात केली. शिंप्याकडून रुंद इलॅस्टिकचा पट्टा शिवून घेतला, कॅमेरा एका मित्राचा उसना. दुसऱ्या फेरीत सातपायरी घाटाची वळणं स्पष्ट आली, वरचा यशवंत तलावही आला. श्वासाबरोबर चित्र किंचित खाली-वर होतं, आणि धापा तर अशा ऐकू येतात की विचारू नका.

आता भाचा म्हणतो, पुढच्या वेळी कॅमेरा सीटखाली, तोंड मागे करून बांधायचा. मामा घाटात सायकल हातात धरून ढकलत येतो, ते त्याला आईला दाखवायचंय.