संकल्प का मोडतात?

‘उद्यापासून नक्की’ म्हणून केलेला संकल्प मोडला, की आपण इच्छाशक्तीला बोल लावतो. हे निदान अपुरं आहे. बहुतेकदा इच्छा असते, पण काम नेमकं कधी आणि कुठे करायचं हेच ठरलेलं नसतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी म्हणूनच ‘अमुक घडलं, की तमुक करायचं’ अशा बांधीव योजनेचा अभ्यास केला. ती वेळ आली, की प्रसंगच कामाची आठवण देतो. ऐन वेळी मनाशी नव्याने वाद घालावा लागत नाही. २००६ मध्ये त्यांनी व पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा परिणाम मध्यम ते मोठा निघाला.

प्रत्यक्षात तो बराच लहानही असू शकतो. अमेरिकेतल्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लसीचं पत्र पाठवलं. काही पत्रांत तारीख आणि वेळ लिहायला रिकामी चौकट होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लसीकरण सुमारे ३३ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं. ‘एवढंच?’ हा आक्षेप रास्त आहे. पण चौकट छापायला खर्च जवळपास शून्य, हेही पाहायला हवं. नुसती तारीख विचारणाऱ्या पत्रांनी मात्र ठळक फरक पडला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकाच वेळी अनेक कामांच्या अशा योजना केल्या, तर अडचणींचा डोंगर दिसून उमेद खचते, असं २०१२ च्या एका अभ्यासात आढळलं. तेव्हा या आठवड्यात एकच काम निवडा आणि त्याच्यापुढे वार, वेळ आणि जागा लिहा.