देहातील दोन गाळण्या

पाणी गाळून प्यावे, हा आपल्या घराघरांतील नित्याचा आचार आहे. परंतु प्यालेले पाणी रक्तात मिसळल्यावर तेथेही अहोरात्र गाळण चालू असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. हे कार्य करणाऱ्या इंद्रियांची ओळख सभासद बंधुभगिनींस करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटच्या बरगड्यांच्या आश्रयाने, दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाची लांबी सुमारे ११ सेंटिमीटर, वजन जेमतेम १५० ग्रॅम. पण आत सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या. दोहोंतून मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांपैकी ९९ टक्के रक्तात परत जमा होतो आणि दीड लिटरच्या आसपास मूत्र उरते. इतका चोख हिशेब आमच्या कोणत्याही पेढीवर सापडावयाचा नाही.

हे मूत्र सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोन नलिकांतून मूत्राशयात उतरते. तेथे ४०० ते ५०० मिलिलिटर सहज मावते. मात्र निम्मे भरताच मेंदूस वर्दी जाते. ती मानणे आपल्या हाती असते, आणि तेथेच आमचा व्यापारी चुकतो. गिऱ्हाईक समोर असता गादी सोडवत नाही; म्हणून तो पाणीही कमी पितो आणि वेगही रोखून धरतो. पाणी कमी पडले की मूत्र दाट होऊन मुतखडा धरतो. मूत्र तुंबले की जंतूंस वाढावयास सवड मिळते. स्त्रियांचा मूत्रमार्ग अवघा ४ सेंटिमीटर असल्याने त्यांस हा धोका अधिक. आणि प्रवासात संकोचाने वेग दाबून धरणाऱ्याही बहुधा त्याच.

चौविहाराचा नियम मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. सूर्यास्तापूर्वीचा सारा दिवस आपला आहे. तांब्या गादीजवळ ठेवून वरचेवर पाणी घ्यावे. मूत्र फिकट पिवळे असल्यास पाणी पुरेसे समजावे. मूत्रात रक्त, जळजळ, कुशीत कळ वा पायांवर सूज दिसल्यास घरगुती काढ्यावर विसंबू नये; डॉक्टरांस दाखवावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण आणि उपवास त्यांच्याच सल्ल्याने ठरवावेत.

मूत्रपिंडे बरीच बिघडेपर्यंत तक्रार करीत नाहीत. म्हणून मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी, वर्षअखेरीस वह्यांचा मेळ घालतो त्याच नेमाने, निदान वर्षातून एकदा रक्त व मूत्र तपासून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.