आजोबांचा कॅमेरा आळशी का झाला?

गेल्या दिवाळीत माझी भाची माळ्यावरून आजोबांचा जुना, रोलचा कॅमेरा घेऊन आली. पणजीच्या नव्वदीला तिचा फोटो त्याच कॅमेऱ्याने काढायचा, असा तिचा हट्ट! रोल एकच, त्यात फोटो फक्त १२. आणि कॅमेऱ्याला चक्क आळस आलेला. चकती एक सेकंदावर ठेवून बटण दाबलं, की 'कुर्रर्र...' करत तो मधेच थांबायचा. पाकळ्या उघड्याच!

या पाकळ्या म्हणजे भिंगांमध्ये बसवलेलं शटर. स्प्रिंगच्या जोरावर ते उघडतं नि मिटतं. १/२५० सेकंदासाठी स्प्रिंग पुरते. पण पूर्ण सेकंदभर पाकळ्या उघड्या धरायच्या कशा? त्यासाठी आत घड्याळासारखी चिमुकली दातेरी चक्रं असतात. ती स्प्रिंगला रोखत रोखत सोडतात. ती 'कुर्रर्र' त्यांचीच! १९१२ मध्ये म्युनिकच्या डेकेल कंपनीने आपल्या 'कॉम्पुर' शटरात ही युक्ती वापरली. त्याआधीच्या 'कंपाउंड' शटरात हेच काम हवेची नळी आणि दट्ट्या करायचे.

कॅमेरा वर्षानुवर्षं पडून राहिला, की वंगण सुकून चिकट होतं. पडून राहिलेलं शिलाई मशिन जड चालतं ना, अगदी तसंच!

मग दोष शोधायचा कसा? रोल न घालता मागचं झाकण उघडा, कॅमेरा उजेडाकडे धरा आणि एकेक वेग तपासा. जलद वेग ठीक, पण हळू वेग अडखळतात? मग बहुधा चक्रं जड झालीत. सगळ्याच वेगांना पाकळ्या रेंगाळतात? मग पाकळ्यांवर तेल आलं असावं. नेमकं मोजायचं असेल तर मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं चित्रीकरण करा. १/३० सेकंदाला पाकळ्या साधारण ८ चित्रांत उघड्या दिसायला हव्यात. ३२ चित्रांत दिसल्या तर फिल्मवर चौपट उजेड पडणार. वर पणजीने जराशी मान हलवली, की चेहरा पुसट!

शटर वीस-तीस वेळा नुसतं चालवलं तर कधी कधी ते मोकळं होतं, पण तात्पुरतं. मात्र तेल मुळीच सोडू नका हं! ते पसरत पाकळ्यांवर जातं आणि दुखणं वाढतं. कॅमेरा खोलूही नका. आतल्या स्प्रिंगा टुणकन उडतात, आणि सफाईचं द्रावण ज्वालाग्राही असतं. ते काम जाणत्या कारागिराचंच.

भाचीने सगळे वेग तपासून वहीत लिहिले. १/१५च्या खाली गडबड होती, पण १/१२५ ठणठणीत! मग पणजीला अंधाऱ्या माजघराऐवजी अंगणात बसवलं.

"अगं, माझ्यापेक्षा हाच म्हातारा दिसतोय!" पणजी खुदकन हसली आणि तेवढ्यात 'क्लिक' झालं.

बाराही फोटो स्वच्छ आले. कॅमेरा आता कारागिराकडे गेलाय, सोबत वहीचं ते पानही!