इस्पितळ गेलं, चॅपल राहिलं

‘इस्पितळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. पण त्यांनी गोव्यात उभारलेलं राजेशाही इस्पितळ आज शोधायला गेलं, तर जुन्या गोव्यात हाती लागतं ते शेजारचं सेंट कॅथरिनचं चॅपल. जांभ्या दगडाचं, दोन मनोऱ्यांचं, ठेंगणं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे सेंट कॅथरिनच्या सणादिवशी, शहर जिंकलं. तो ज्या वेशीतून आत शिरला ती इथेच होती, असं भिंतीतला १५५०चा शिलालेख सांगतो.

इस्पितळही त्याच आल्बुकर्कचं. पुढे त्याचा कारभार जेझुइटांकडे गेला. १६०८ साली पिरार द लाव्हाल नावाचा फ्रेंच खलाशी कैदी म्हणून गोव्यात आला आणि आजारी असल्याने या इस्पितळात पडला. त्याने जे लिहून ठेवलं ते वाचताना मी थबकलो. लाखकाम केलेले पलंग, कापसाच्या गाद्या, वारा घ्यायला पंखा, चिनी मातीच्या ताटलीत कोंबडी! जगात याहून चांगलं इस्पितळ नसेल, असं त्याला वाटलं. कैद्याने केलेली ही स्तुती मला मोलाची वाटते.

तरीही माणसं मरतच होती. सतराव्या शतकाच्या पहिल्या ३० वर्षांत इथे २५,००० सैनिक दगावल्याची नोंद आहे. महिनोन्‌महिने समुद्रात काढून, खंगून आलेली ही पोरं. त्यात इथले ताप आणि पटकी. स्वच्छ चादरीने पटकी थांबत नाही. गार्सिया द ओर्ता या वैद्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात पटकीचं वर्णन आहे आणि आजाराचं नाव त्याने इथलंच घेतलं: मोडशी. आपण त्यांच्याकडून इस्पितळ घेतलं, त्यांनी आपल्याकडून मोडशी. व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा हिंदू वैद्यांकडून औषध घेत, असं १५८०च्या दशकात गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्सखोटेन सांगतो.

अठराव्या शतकात शहरच ओस पडू लागलं आणि इस्पितळ तिथून हललं. चॅपल पडलं, पुन्हा बांधलं गेलं. स्कॉटलंडमध्ये सूट्राच्या टेकडीवरही इस्पितळाचं असंच झालं. बाराव्या शतकात राजा चौथा माल्कम याच्या काळात तिथे मोठं इस्पितळ उभं राहिलं. आज त्याचा एक दगडी भाग तेवढा शिल्लक आहे, तोही एका घराण्याने दफनासाठी वापरला म्हणून. आमच्या गोंदियाकडे नागऱ्याला जुनं शिवमंदिर उभं आहे. त्या काळी दुखणाईत माणूस कुठे निजला असेल, ते दाखवणारी भिंत मात्र मला तिथे दिसली नाही. देवाचं घर लोक पुन्हा उभारतात, शुश्रूषेचं उभारत नाहीत, याची मला खंत आहे.

शुश्रूषेचं काम मात्र गोव्यात थांबलं नाही. १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा निघाली. तिचंच आजचं रूप म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. जुन्या गोव्यात गेलात तर बॉम जेझूस चर्चनंतर पाच मिनिटं या चॅपलपाशीही थांबा. आजूबाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहा. पिरारचा पलंग तिथेच कुठेतरी होता.