विश्लेषण : डबक्यातला रोटिफर आणि डुकराच्या पोटातला जंत एकाच कुळातले कसे?

डबक्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर डोक्यावर चक्र फिरत असल्याचा भास देणारा रोटिफर दिसू शकतो. बहुतेक रोटिफर अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतात. याउलट, डुकराच्या आतड्यात राहणाऱ्या काटेरी सोंडेच्या जंताची मादी अर्ध्या मीटरहून लांब वाढू शकते. तरीही हे दोघे जवळचे नातलग आहेत.

नाते कशावरून ठरले?

दोघांच्या त्वचेतील पेशींमध्ये भिंती नसतात; सगळे आवरण सलग असते. त्वचेला बळकटी देणारा थरही बाहेर नसून आत असतो. १९९६ मध्ये जनुकीय तुलनेतूनही हे नाते पुढे आले. पूर्वी दोघांचे संघ स्वतंत्र मानले जात. आता त्यांना ‘सिंडर्माटा’ या एकाच गटात ठेवले जाते.

मग ओळख पटायला उशीर का झाला?

रोटिफरला तोंड, जबडा आणि बहुधा पूर्ण अन्ननलिका असते. जंताला यातले काहीच नसते. आतड्यात आयते पचलेले अन्न मिळते आणि ते तो त्वचेतून शोषतो. सोंडेवरचे आकडे फक्त आतड्याला घट्ट धरून राहण्यासाठी. परजीवी जगण्यात अवयव गळाले आणि त्यांच्यासोबत नात्याच्या खुणाही.

मधला दुवा सापडला का?

चीनमधील इनर मंगोलियातून मिळालेल्या सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्माचे वर्णन २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच्या सोंडेवर आकडे आहेत आणि शरीरात जबड्यासारखी रचनाही आहे. म्हणजे एकाच प्राण्यात दोघांच्याही खुणा!

परजीवीपणा आला कुठून?

याच कुळातला ‘सायसन’ समुद्रातल्या कोळंबीसारख्या छोट्या जीवांच्या अंगावर राहतो. काटेरी जंतांची पिल्लेही आधी कीटक किंवा कवचधारी जीवांत वाढतात. त्यामुळे पूर्वज आधी अशा जीवांच्या आश्रयाला गेले आणि पुढे त्यांना खाणाऱ्या प्राण्यांच्या पोटात पोहोचले, अशी मांडणी केली जाते.

आपला संबंध काय?

यातला एक जंत झुरळ आणि उंदीर यांच्यात फिरतो. उंदराच्या विष्ठेतली अंडी झुरळ खाते आणि झुरळाला उंदीर. माणसाला लागण क्वचितच होते. बाधित झुरळ गिळले गेले तरच. त्यामुळे अशा नोंदींत लहान मुले जास्त असतात. रांगत्या मुलाच्या हाताला झुरळ लागू न देणे, हाच त्यावरचा साधा उपाय.