‘करी’ इंग्रजांनी घडवलेली नाही

‘करी हा शब्द इंग्रजांनी तयार केला, आपल्याकडे असं काही नव्हतंच,’ हे हल्ली इतक्या ठामपणे सांगितलं जातं की ते तपासून पाहायची गरज कुणाला वाटत नाही. यातला दुसरा भाग मराठी स्वयंपाकघरापुरता खरा आहे. आमटी, रस्सा, कालवण, तिखलं अशी ज्याची त्याची नावं असताना सगळ्यांना मिळून एक शब्द कशाला लागेल? पहिला भाग मात्र चूक आहे, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच सापडतो.

गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. इथे कोंबडीचे आणि मांसाचे जे पदार्थ करतात त्यांना ‘कारिल’ म्हणतात, असं त्यात लिहिलं आहे. पुढे १५८३ मध्ये यान व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. भाताबरोबर खायच्या माशाच्या रश्श्याचं त्याने केलेलं वर्णन वाचण्यासारखं आहे. कच्ची द्राक्षं घालून शिजवावा तसा आंबट, पण चवीला छान आणि लोकांच्या रोजच्या जेवणातला. कोकणातल्या वाचकाला इथे आमसुलं आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर १५९८ मध्ये निघालं आणि त्यातून हा शब्द इंग्रजी छापील मजकुरात उतरला. ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ती १६०० सालच्या अखेरच्या दिवशी. म्हणजे कंपनी जन्मायच्या आधीच शब्द इंग्रजीत पोचला होता.

तो मूळचा दक्षिणेतल्या द्राविडी भाषांचा. तमिळमधल्या ‘करि’चा अर्थ भाताबरोबर खायचं मसालेदार तोंडीलावणं. त्यात रस असलाच पाहिजे असं नाही. तमिळ घरांत कच्च्या केळ्याच्या कोरड्या भाजीलाही करी म्हणतात. करी म्हणजे ग्रेव्ही, हा समज त्यामुळे निदान शब्दाच्या माहेरी तरी टिकत नाही.

मराठी माणसाचा आवडता समज वेगळाच आहे: कढीचीच करी झाली. गोव्यात माशाच्या रश्श्यालाही ‘कडी’ म्हणतात, त्यामुळे हे पटकन पटतंही. पण कढी आली ‘कढणे’ या क्रियापदावरून, आणि त्याच्या मागे उकळणे या अर्थाचा संस्कृत ‘क्वथ्’ धातू आहे. दोन शब्दांचा उच्चार जवळचा आहे, कूळ नाही.

इंग्रजांच्या बाजूनेही असाच एक दावा होतो. राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांचा सुमारे १३९० सालचा एक पाककृतिसंग्रह ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या नावाने ओळखला जातो. त्यावरून करी मुळात इंग्रजीच, असं काही जण सांगतात. तिथला ‘क्युरी’ हा जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द असून त्याचा अर्थ नुसता ‘स्वयंपाक’ असा आहे. घोड्याला खरारा करणे या अर्थाचं इंग्रजी क्रियापद ‘करी’ हेही फ्रेंचमधूनच आलेलं. त्याचाही आपल्या ताटाशी संबंध नाही.

मग इंग्रजांनी केलं काय? शब्द ताणला. हॅना ग्लासच्या १७४७ सालच्या पाकपुस्तकात ‘भारतीय पद्धतीची करी’ आहे. तिच्यात मिरची नाही, हळद नाही. मसाला म्हणजे मिरी आणि स्वच्छ फावड्यावर भाजलेले धणे, एवढाच. पुढच्या आवृत्त्यांत हळद आली. १७८४ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतल्या एका अत्तरांच्या दुकानाने तयार करी पावडरची जाहिरात दिली. आपल्याकडे पदार्थागणिक मसाला बदलतो; ही एकच पूड मात्र कशातही घालता येत होती, आणि ती घातली की त्याची करी होत होती. जपानमध्ये करी गेली ती याच ब्रिटिश वाटेने, मेइजी काळात. तिथला रस्सा मैद्याने दाट करतात, तो का, हे यावरून कळतं.

कढीपत्त्याला इंग्रजीत ‘करी लीफ’ म्हणतात म्हणून करी पावडर त्याचीच असते, असंही अनेकांना वाटतं. ती मुख्यतः धणे, जिरे, हळद, मेथी यांची असते.

शब्द आपल्याच किनाऱ्यावरून गेला, तेव्हा त्याचा राग धरायचं कारण नाही. पण त्याने आपली नावं पुसू नयेत, याची काळजी आपणच घ्यायला हवी. मालवणी जेवण देणाऱ्या हॉटेलवाल्यांना म्हणूनच एक विनंती: परगावच्या पाहुण्याला कळावं म्हणून मेन्यूकार्डावर ‘फिश करी’ जरूर लिहा, पण त्याच्या वर, मोठ्या अक्षरात, ते बांगड्याचं तिखलं आहे की सुरमईचं कालवण, तेही लिहा.